येसीचा रेचा

त्या दिवशीही ऊन रोजच्यासारखंच होतं. देशमुखांच्या घरामागच्या कापूसखोलीत येसी सरकी काढायच्या रेच्याचा दांडा फिरवत होती आणि समोर बसलेली तिची लेक सारजी दोन लाकडी लाटांच्या फटीत कापूस भरवत होती. रुई पलीकडे पडत होती, सरकी अलीकडे. लाकूड कुरकुरत होतं. येसीचा उजवा खांदा कधीकाळी निखळून वाकडा बसला होता. दांडा वर आला की तिचा हात अडखळे, कुरकूर तुटे आणि पुन्हा लागे.

आर्णीच्या वरच्या अंगाला, अरुणावतीच्या काठी वसलेल्या त्या गावाला हा आवाज सवयीचा झाला होता. घरातलं कुणी कापूसखोलीत डोकावत नसे. तंतू नाकातोंडात जात. देशमुखीणबाई माजघरात बसून नुसत्या ऐकत. आवाज चालू आहे तोवर बटकी कामावर आहेत. आवाज थांबला की त्या उठून येत, आणि येताना रिकाम्या हाताने येत नसत.

येसीला त्यांनी माहेराहून आंदणात आणलं होतं, तांब्याच्या हंड्यांबरोबर. सारजी इथेच जन्मली. त्या घरात 'माय' ही हाक फक्त देशमुखीणबाईंची होती. बटकीच्या पोरीने बटकीला नावाने बोलवायचं. बोलायला लागल्यापासून सारजी आपल्या आईला इतरांसारखंच 'येसे' म्हणत आली होती. आता सारजीच्याही कानशिलावर एखाददुसरा पांढरा केस दिसू लागला होता.

दुपारी हिंगणघाटचा दलाल आला. ओटा कापूसखोलीला लागूनच होता.

"भाव पडला, देशमुख. साफ पडला."

"काहून? परवापर्यंत तर सोनं होतं!"

"तिकडं अमेरिकेत लढाई चालू होती, म्हणून आपल्या कापसाले विचारत होते. लढाई सरली. गुलाम, बटकी, सारे सोडून देले म्हणते. आता तिथला माल येईन. आपला कोण घेते?"

"सोडून देले? अन् कापूस कोण वेचीन त्यायचा?"

"ते त्यायलेच विचारा."

आत येसी हसली. दांडा न थांबवता, तोंड मिटून, खांदे हलवत हसली. सारजीने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"काहून हासून राह्यली व?"

"आयकलं नाही? तिकडं कुठं बटकी सुटल्या, अन् इथं देशमुखाच्या घशाखाली घास उतरून नाही राह्यला." मग तिचा चेहरा स्थिर झाला. "म्हणजे सुटता येते, सारजे. मी एकटीच येडी नोहती."

ती एकदा पळाली होती, तान्ह्या सारजीला पाठीशी बांधून. लमाणांच्या तांड्यापर्यंत पोचली होती. तिथून तिला ओढत आणलं तेव्हा खांदा निखळला. तो बसवायलाही कुणाला बोलावलं नाही. तिने स्वतःच भिंतीवर आपटून बसवला. त्याबद्दल ती कधी रडली नाही, माफी तर तिने मागितलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज थांबला.

देशमुखीणबाई आल्या तेव्हा येसी रेच्यावर ओणवी पडली होती. अंग अजून ऊन होतं. दांड्यावरची मूठ सुटेना. उकंडा सालदाराने एकेक बोट उकलून हात मोकळा केला, तिला खांद्यावर घेतलं आणि नदीकाठी नेऊन माती दिली. सारजी परतली तर देशमुखीणबाई दारातच उभ्या होत्या.

"झालं ना? आता बस कामाले. पावसाच्या आत सारा कापूस निघाला पायजे."

रेचा दोघींचा असतो. सारजी एका हाताने भरवू लागली, दुसऱ्याने फिरवू लागली. पहिले काही दिवस दंड भरून आले. मग दांडा हलका वाटू लागला. तिला वाटलं, सवय झाली. एकदा ती रांजणावर पाणी प्यायला गेली आणि परत आली तर सरकीचा ढीग वाढलेला दिसला. तिने स्वतःलाच समजावलं, मघाशी नीट पाहिलं नसेल.

एका दुपारी तिने दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

दांडा फिरत राहिला. वर आला, अडखळला, खाली गेला.

ती किंचाळली नाही. बराच वेळ बघत बसली. मग कापसाची मूठ उचलून फटीत धरली. लाटांनी ती नेहमीसारखीच ओढून घेतली.

त्याच आठवड्यात देशमुखांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. सोयरीक उमरखेडची होती. देशमुखीणबाई माजघरातून हौसेने म्हणाल्या, "मी येसीले आणलं, माही पोरगी सारजीले नेईन. रीत हाय." सारजीने ते भिंतीआडून ऐकलं. उमरखेडला आणखी एक रेचा असेल, आणखी एक भिंत. तिथून मागे नदीकाठची मातीसुद्धा दिसणार नाही.

निघालेली तेवढी रुई पडत्या भावात दारव्ह्याकडे काढायची म्हणून लमाणांचा तांडा गावाबाहेर उतरला. नायकाची म्हातारी आई रामीबाई पाणी मागायच्या निमित्ताने मागच्या दाराशी आली.

"छोरी, तू येसीची?"

"हो."

"कुठे हाय ती?"

सारजीने नदीकडे बोट केलं. रामीबाईने ओढणीचा पदर तोंडाशी धरला. "माझ्या पालातून ओढून नेली होती तिला. मी उभी राहून पाहिलं. आज बैल भरले की निघतो आम्ही. माझी ओढणी अन् फेटिया, हा घागरा, घाल अन् बायांमधी चाल. पण ते खोलीतला आवाज थांबला की तुमची बाई येते ना बाहेर?"

"आवाज थांबणार नाही," सारजी म्हणाली.

रामीबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग आतल्या कुरकुरीकडे कान दिला. सारजी तर इथे, दारात उभी होती. रामीबाईने ओढणी-फेटियाचं गाठोडं तिच्या हातात दिलं.

दुपार कलता बैल निघाले. आरसे जडवलेल्या ओढणीचा घुंगट पुढे ओढून सारजी बायांच्या घोळक्यातून देशमुखांच्या भिंतीला घासून चालली. आतून रेचा ऐकू येत होता, आज जरा जोरात. तेवढ्यात माजघरातून आवाज चढला.

"सारजे! हळू फिरव व, डोस्कं उठवलं!"

रेचा हळू झाला.

दाराशी उकंडा गोण्यांचे दोर आवळत होता. त्याने घुंगटाखालचे पाय पाहिले, भेगाळलेले, ओळखीचे. मग खोलीकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने मान फिरवली आणि आधीच घट्ट असलेली गाठ पुन्हा आवळली.

नदी ओलांडली. ती माती उजव्या हाताला राहिली. शेतं संपली, सागाचं रान लागलं. पानगळीने रान उघडं पडलं होतं. सावली कुठेच नव्हती. गाव टेकाडाआड गेलं.

आवाज गेला नाही.

तो लहानही झाला नाही. भिंतीपाशी जेवढा होता, तेवढाच होता.

"गोण्या कुरकुरते," रामीबाई म्हणाली. थोडं चालून तिनेच विचारलं, "ते गोण्या नाही ना?"

"नाही."

दिवस मावळायच्या आधी तांडा माळावर थांबला. बायकांनी चुली मांडल्या. एक पोर ठेच लागून पडलं आणि "याडी! याडी!" करत एका बाईच्या कमरेला बिलगलं.

"याडी म्हणजे?"

"माय," रामीबाई म्हणाली. मग हळूच, "तू तर सुटली, छोरी. पण ती तिथे कोणासाठी फिरवून राह्यली अजून?"

सारजीने गावाच्या दिशेने तोंड केलं. मरूनही तिने त्याच घराची रुई काढायची? तेच लोक उद्या ती विकणार होते.

"येसे!" तिने हाक मारली. "बस कर, येसे! मी पोचली!"

कुरकूर वाढली. दमदाटी केल्यावर वाढायची तशी, भराभर, मोडक्या खांद्याला ओढत.

सारजीने कानांवर हात ठेवले. तरी ऐकू आलं. जन्मभर त्या नावाने तिला फक्त कामच सांगितलं गेलं होतं. सारजीनेही.

तिने हात खाली घेतले. ओठ जुळवले. पुन्हा जुळवले.

"माय."

अर्ध्या फेऱ्यात रेचा थांबला.

माळ इतका निःशब्द झाला की बैलांचे श्वास ऐकू येऊ लागले. मग वाटेवरचा सगळ्यात मागचा बैल कान टवकारून बाजूला झाला. त्याच्या पुढचाही. एकेक करून ते मधली वाट मोकळी सोडत होते.

रामीबाईने पोराला जवळ ओढलं.

सारजी पुढे झाली आणि तिने दोन्ही हात पसरले.

"सावकाश ये, माय," ती म्हणाली. "आता घाई नाही."