गवतवालीचा सूट

पोहण्याच्या सूटची चेन तुटली म्हणून मी बंदरामागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानात शिरले. केसांतून पाणी गळत होतं, पायांना वाळू होती. ओला सूट काउंटरवर ठेवला, तर घडीतून एक भिजका मास्क खाली पडला.

मशीनवरच्या तरुणाने पाय थांबवला. मास्क उचलून त्याच्या कोपऱ्यातला निळा दोरा निरखत राहिला.

"हा कुठे सापडला?"

"समुद्राच्या तळाशी. गवतावर पडला होता."

"हा माझा टाका आहे," तो खजील होऊन म्हणाला.

साथीच्या काळात त्याने आणि त्याच्या आईने मिळून चार हजार मास्क शिवले होते. आता चेहरा असा, की ते सगळे यानेच जाऊन समुद्रात टाकले असावेत. मला हसूच आलं.

"अहो मास्तर, तुमचे त्यात थोडेच आहेत. बाकी सगळे ते वापरून फेकायचे. नाल्यातून वाहत येतात आणि खाडीच्या तोंडाशी गवतावर बसतात. खालच्या गवताला ऊन मिळत नाही, ते पिवळं पडतं. दोऱ्यांत कोंब अडकतात. आणि त्याच गवतात माशांची पिल्लं वाढतात."

"गवत म्हणजे... शेवाळ ना?"

यावर मी चिडते. कुणावरही चिडते. "शेवाळ नाही. गवत. मुळं असतात, पानं असतात, फुलंही येतात."

"समुद्रात फुलं?"

"येतात. इतकी बारीक, की सहसा कुणाला दिसत नाहीत."

"पण तुम्हाला दिसतात," तो म्हणाला आणि मान खाली घालून पावती लिहू लागला. "चेन गुरुवारी देतो."

गुरुवारी चेन झाली नव्हती. पुढच्या गुरुवारीही नाही. आतून त्याच्या आईचा आवाज आला, "आली का रे ती गवतवाली?" आणि मला गल्लीत नाव पडलं ते कायमचं.

मी आमच्या संशोधन प्रकल्पाच्या सरांचा जुना ढगळ सूट घालून काम चालवलं. काम तसं सोपं. गुडघाभर पाण्यात बारा चौकटी ठोकल्या होत्या, दर पंधरा दिवसांनी ओहोटीला त्यांतले कोंब मोजायचे. अहवाल नीट गेला तर आणखी दोन वर्षं इथे काम मिळणार होतं. नाहीतर बिऱ्हाड गुंडाळून परत जायचं. सुरुवातीला मला त्याचं काही वाटत नव्हतं. मग मास्तर मोजणीला येऊ लागला आणि वाटायला लागलं.

तो पाण्याला भ्यायचा. खडकावर बसून वही धरायचा. मी आकडे ओरडायचे, तो लिहायचा.

"चौकट सात, एकतीस."

"एकतीस. पाय जपून टाका."

"मास्तर, मी रोज पाण्यात उतरते."

"म्हणूनच सांगतोय... रोज काळजी वाटते."

मी उगाच पुन्हा एकतीस मोजले.

मग मला तीन दिवस मुख्य कार्यालयात जावं लागलं. परतले तर तो खडकावर उभा, पँट मांडीपर्यंत भिजलेली, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "तुमच्यासाठी एक गंमत आहे," म्हणाला.

मी पाण्यात उतरले. सहा ते बारा चौकटींत एकही मास्क नव्हता.

त्या सहा... नाही, सात चौकटींतले मास्क मी मुद्दाम ठेवले होते. मास्कखालच्या आणि मोकळ्या गवतात फरक किती, हेच तर दाखवायचं होतं. आणि मोजणीच्या नादात हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

"सहा महिन्यांची मेहनत पाण्यात घातलीत तुम्ही," मी म्हणाले. आणखीही बरंच बोलले. त्याला बोलूच दिलं नाही. पाण्याला भिणारा माणूस माझ्यासाठी त्यात उतरला होता, हे माझ्या लक्षात यायला घरी पोचावं लागलं. रात्रभर स्वतःचाच राग आला.

सकाळी दुकानात गेले. तो एक खोका घेऊन आला. आत वाळवलेले मास्क. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली, जशी शिवायला आलेल्या कपड्यांना लावतात. चौकट नऊ, डावा कोपरा, दोऱ्यात अडकलेले कोंब चार, मंगळवार, सकाळी साडेसात.

"चिठ्ठीशिवाय कापड जागचं हलवायचं नाही, हे लहानपणापासून अंगवळणी पडलंय," तो हळूच म्हणाला. "आणि दोरे ओढले नाहीत. उसवायच्या कात्रीने एकेक कापले. मुळं हलली नसावीत."

मी तिथेच स्टुलावर बसून सरांना फोन लावला. सर आधी भडकले. मग चिठ्ठ्या वाचून दाखवल्या तसे शांत झाले. "मास्क काढल्यावर गवत परत येतं का, आणि किती दिवसांत, हे आपल्याकडे नव्हतंच. आता मोज," म्हणाले.

मी मोजत राहिले. पहिले पंधरा दिवस काहीच नाही. महिनाभराने नऊ नंबरात दोन कोंब आले, पोपटी, नखाएवढे. खडकावरून वही घेऊन तो धावत पाण्यात आला, भ्यायचं विसरूनच. तिसऱ्या महिन्यात चौकटी निम्म्याहून जास्त भरल्या. अहवाल गेला. दोन वर्षांचं पत्र आलं त्या दिवशी मी थेट दुकान गाठलं.

तो बाहेर गेला होता. त्याची आई बटणं लावत बसली होती. पत्राचं ऐकून तिने सुई खाली ठेवली. "मग आता तो तुझा सूट घेऊन जा बाई. पहिल्या दिवशीच झालाय. मेला रोज इस्त्रीच्या कपड्यांमागे लपवतो."

तेवढ्यात तो दारात आला. कानापर्यंत लाल झाला.

"आईने सांगितलं?"

"मला तिसऱ्या आठवड्यापासून माहीत आहे," मी म्हणाले. "चांगला हँगरला लटकलेला दिसला होता."

"मग मागितला का नाहीत?"

"मागितला असता तर तुम्हाला द्यावा लागला असता... आणि मला यायला कारण उरलं नसतं."

आई बटणांचा डबा घेऊन आत गेली. जाताना पडदाही ओढून घेतला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "त्या दिवशी वाळूच्या पायांनी आत आलीस, तेव्हापासून. फरशी मी संध्याकाळपर्यंत पुसली नव्हती."

मी कपड्यांमागचा सूट ओढून त्यावरची पावती काढली. द्यायच्या तारखेवर गुरुवार, गुरुवार, गुरुवार अशा काट मारलेल्या कितीतरी ओळी होत्या. त्याच्या कानावरची पेन्सिल मागायला मी हात पुढे केला, तर त्याने हातच धरला. मग डाव्या हाताने ती पेन्सिल काढून, वेड्यावाकड्या अक्षरात, मी खाली लिहिलं... घाई नाही.