एंजल बेटावरची उजळणी

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनी, मी प्रेसिडिओच्या लष्करी दफनभूमीत जातो, तसा यंदाही गेलो. व्हिएतनाममधून जिवंत परत न आलेल्या, माझ्या तुकडीतल्या अर्ल टॉलिव्हरच्या दगडापाशी छोटा झेंडा रोवला, सलाम केला. मग मुलगी जोलीन आणि मी गोल्डन गेट पुलावर अर्ध्यापर्यंत चालत गेलो. धुकं पायाखालून वाहत होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, ओकलंड शहरात इमारती तपासण्यात अख्खी नोकरी गेली, तरी त्या लोखंडाकडे मान वर करून बघताना माझी टोपी आपोआप हातात येते.

“बाबा, लोक बघतायत.”

“बघू देत. देश माझा, पूल माझा.”

“आणि आडनाव?”

ही तिची नेहमीची खोच. माझे वडील एकोणीसशे एकतीस साली चीनमधून आले. तेव्हा आमच्या लोकांना या देशात मज्जाव होता. आधीच नागरिक असलेल्याचा मुलगा असलात तरच आत घेत. म्हणून वडिलांनी कुणा मॉय नावाच्या माणसाचा मुलगा म्हणून कागद विकत घेतले आणि जन्मभर मॉय राहिले. खरं आडनाव त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नाही. जोलीनला ते शोधायचं होतं. मला नको होतं.

“छातीवर ‘मॉय’ची पट्टी लावून मी लढलो,” मी म्हणालो. “मला ती पुरे.”

“तुम्हाला पुरे हो. मला कुणी विचारलं का?”

दुपारी बोटीनं एंजल बेटावर उतरलो. पुढे टेकडीच्या वाटेनं दीड मैल चाल. परदेशातून आलेल्यांना जिथे चौकशी होईपर्यंत कोंडून ठेवत, ती लाकडी बराक खाडीच्या कडेला उभी आहे. वडील इथे दोन महिने होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होतो.

वरच्या मजल्यावर कोंडलेल्यांनी भिंतीभर कविता कोरलेल्या. रंगाचे थरावर थर दिले तरी अक्षरं खालून वर आलेली. मी बोट फिरवलं नाही. हात मागे बांधून उभा राहिलो. इतकी माणसं, इतकी वाट बघणं, आणि सगळं साध्या लाकडावर, चाकूच्या टोकानं.

“मी खाली आहे,” जोलीन म्हणाली. “या सावकाश.” तिच्यामागून बाकीचे लोकही जिना उतरले.

सवयीनं मी खोली मोजली होती. खिडक्या आठ. दाखवायला ठेवलेले तिमजली पलंग सहा. आधी खालचे आवाज थांबले. मग उकडलेल्या कोबीचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. मी पुन्हा पलंग मोजायला लागलो, ते मोजता येईनात. दोरीवर कपडे वाळत होते. गोधड्यांत माणसं पाठ करून झोपली होती.

खिडकीखालच्या पलंगावर विशीतला एक तरुण बसला होता.

“आजोबा, आपली भाषा येते?” त्यानं तोइसानी या चिनी बोलीत विचारलं. घरी आम्ही तीच बोलायचो.

“येते.”

“मग जरा माझी उजळणी घ्या ना. उद्या चौकशी आहे. पाठ करायच्या उत्तरांचा कागद मी समुद्रात टाकला, सापडला असता तर मेलोच असतो.”

नाटक करणारा कुणी असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्याच्यासमोर बसलो.

“नाव?”

“मॉय सिक-वाह.”

माझ्या वडिलांचं नाव.

उत्तर देताना तो कानाची पाळी दोन बोटांत चोळत होता. ती सवय मी चाळीस वर्षं पाहिली होती. मला उठता येईना.

“घराचं तोंड कुठे?” मी विचारलं.

“पूर्वेला.”

“विहीर?”

“देवळामागे, पन्नास पावलं.”

“दाराला पायऱ्या किती?”

त्यानं पाळी लाल होईतो चोळली. “तीन... की चार? आजोबा, माझ्या आधी त्या घरच्या थोरल्या मुलाची साक्ष झालीय. एक चुकली तरी परत पाठवतील.”

“चार,” मी म्हणालो. “चौथी फुटकी आहे.”

मी चीनला कधी गेलो नाही. त्या घराबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

“चार. चौथी फुटकी,” तो घोकू लागला. मग हळूच, “सोडतील ना मला?”

“सोडतील. तुझा मुलगा या देशाच्या फौजेत जाईल.”

तो खुदकन हसला. “आमच्यासारख्यांना फौजेत? आजोबा, तुम्हाला इथे फार दिवस झालेले दिसतात!”

मलाही हसू आलं, आणि डोळे भरले.

तो पुढे वाकला. “माझं खरं नाव हॉम गिम-सिंग. कुणाजवळ तरी ठेवतो. मी विसरलो तर तुम्ही लक्षात ठेवा.”

“ठेवीन.”

“बाबा?” जिन्यातून हाक आली.

पलंग सहा होते.

बाहेर बाकावर बसलो. “हॉम,” मी म्हणालो. “आपण हॉम आहोत.”

जोलीन बघतच राहिली. “कुणी सांगितलं?”

“वडिलांनी.”

तिनं पिशवीतून तपकिरी पाकीट काढलं. “रागावू नका. सरकारी दफ्तरातून त्यांच्या चौकशीची नक्कल मागवली होती. मीसुद्धा अजून वाचली नाही. दोघं मिळून वाचू म्हटलं.”

टंकलेली अकरा पानं. घराचं तोंड पूर्वेला. विहीर देवळामागे. पायऱ्या चार, चौथी फुटकी; भावाच्या साक्षीशी जुळते. प्रवेश द्यावा.

शेवटचा प्रश्न होता: आणखी काही सांगायचं आहे?

उत्तर: वरच्या खोलीत एक म्हातारा आहे. त्याच्याजवळ कागद नाहीत. त्यानं मला धीर दिला. त्याला परत पाठवू नका.

खाली अधिकाऱ्यानं हातानं लिहिलं होतं: दोन्ही मजले पाहिले. असा इसम नाही.

आणि त्याखाली, दुसऱ्या शाईत, त्या चौकशीनंतर पाच महिन्यांची तारीख घालून: वर सांगितलेला म्हातारा इसम आज दिसला. खिडकीखालच्या पलंगावर. चौकशी बाकी.