खिंडीकडे पाठ केलेली अँटेना

नारिन गावच्या तुरगुनने त्या दिवशी छपरावरची अँटेना उतरवायचं ठरवलं होतं. गेल्या हिवाळ्यात हौशी रेडिओवाल्यांच्या स्पर्धेत तिनेच त्याला पहिला नंबर मिळवून दिला होता. जितके दूरचे देश गाठाल तितके गुण. आपल्याच देशातल्या माणसाशी बोललं तर शून्य.

त्या स्पर्धेत ऐन दुपारी खिंडीवरच्या हवामान-ठाण्यातून बात्मा बोलली होती. एकटी बाई, आवाज क्षीण. "तुरगुनदादा, धुरांडं बर्फाने बुजलंय, चूल पेटत नाही... खाली कुणाला तरी कळवा."

"स्पर्धा चालू आहे, बात्मा. दुसऱ्या कुणाला तरी गाठ," असं म्हणून त्याने अँटेनाचं तोंड जपानकडे फिरवलं. तिचा आवाज बुडाला. चौथ्या दिवशी लोक वर पोचले, तेव्हा ती रेडिओसमोर बसल्या जागी गोठलेली होती. तुरगुनने कुणाला काही सांगितलं नाही. प्रशस्तिपत्र मात्र भिंतीवर लावलं.

आता पंधरा दिवस झाले, दुपार झाली की मेलेली बात्मा रेडिओवर यायची. मदत मागायची नाही. नुसती हवा सांगायची: वारा किती, बर्फ किती, ठाण्याच्या आत थंडी किती.

छपरावर चढण्याआधी त्याने संच लावला. ती होतीच. त्याने अँटेना फिरवली. आवाज हलला नाही. तारेचा आणि संचाचा मेळ बसवणारा ट्यूनर त्याने मुद्दाम भलतीकडे पिळला. अशाने जवळचं केंद्रसुद्धा बुडतं. पण बुडाली ती फक्त खरखर. शेवटी त्याने संचातून अँटेनाची तारच उपटली. सगळं शांत झालं... आणि त्या शांततेत बात्मा, अगदी कानाशी बसल्यासारखी.

"आत उणे एकतीस," ती म्हणाली. "दादा, तुमच्याकडे किती?"

त्याने संच बंद केला. तेवढ्यात फोन वाजला. नदीपलीकडचा केरिमकुल, त्याच्यासारखाच रेडिओवाला, जुना दोस्त.

"आहेस कुठे तू? सकाळपासून ऐकतोय तुला. आवाज पार बारीक."

"मी... आज बोललोच नाही."

"चेष्टा पुरे. मी अँटेना खिंडीकडे वळवली की येत होतास. मदत काय मागतोस, कळवा काय म्हणतोस... मला वाटलं, थट्टा चाललीय. माझंही काम चालू होतं, फिरवली दुसरीकडे. शेवटी म्हणालास, आता थंडी वाजत नाही. म्हटलं, चला, बरं झालं."

तुरगुनने फोन ठेवला. कोपऱ्यातली शेगडी लालबुंद पेटली होती. त्याने तिच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. कातडी जळल्याचा वास खोलीभर झाला, तरी हाताला काहीच जाणवेना.