अक्षतांच्या वेळी धरलेला हात

साल १९७४. सोलापूरची गड्ड्याची जत्रा. भर दुपार.

कुणाला खोटं वाटेल, वाटू दे. आमच्या नागव्वाकाकूंनी ही हकीकत आयुष्यभर एका शब्दाने बदलली नाही.

अक्कलकोटकडच्या खेड्यातून त्या, मल्लप्पाकाका आणि सात वर्षांची रत्नम्मा आले होते. सकाळी किल्ला पाहिला, पाळण्यात बसून झालं. दुपारी तळ्याकाठी सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता. कुंभाराच्या मुलीशी देवाच्या योगदंडाचं लग्न, दरवर्षीचं.

"पोरीला घट्ट धर," काका म्हणाले. "न्हायतर तूच हरवशील."

"तुमीच हरवू नका म्हंजे झालं."

मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या उंच काठ्या दिसल्या आणि गर्दीचा लोंढा आला. काका कुठल्या कुठे गेले. काकू तळ्याच्या कठड्याला जाऊन टेकल्या. रत्नम्माचा हात निसटला... मागे चाचपडून त्यांनी तो डाव्या हाताने पुन्हा धरला.

"हात लई गार पडलाय गं."



थोड्या वेळाने कर्ण्यावरून आवाज आला...

"हिरवा झगा, नाव रत्नम्मा. आई नागव्वा, मंडपापाशी या. पोर रडतीय."

मागोमाग रत्नम्माचं रडणं. तिचंच.

मग हा हात...?

काकूंनी त्या हातावरून बोटं वर सरकवली. कोपरापर्यंत काचेचा चुडा.

वळून बघायची हिंमत झाली नाही. त्यांनी हात ओढला. पकड आणखी घट्ट झाली.

"सोड की बाई. माझी पोर एकटी हाय."

लग्नाचा मंत्र थांबला. हजारो हात वर गेले. काकूंनी मात्र उजव्या मुठीतल्या अक्षता खांद्यावरून मागे टाकल्या.

पकड सुटली.

त्या वळल्या... मागे नुसता कठडा. पलीकडे पाणी.

मंडपात रत्नम्मा बिलगली. "अव्वा, मला सोडून त्या नवरीचा हात का धरलास?"

शोधत आलेले काका हसायला लागले. मग काकूंचा डावा तळवा दिसला. हळदीने पिवळा. काकांचं हसू तिथंच थांबलं.

काका पुन्हा कधी गड्ड्याला गेले नाहीत. एकोणनव्वद साली वारले. रत्नम्मा बार्शीला नांदते. तिला यातलं काही आठवत नाही, म्हणते. काकू प्रत्येक लग्नात अक्षतांची पहिली मूठ त्या नवरीसाठी मागे टाकत. शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या, कुठल्याच लग्नाला जाणं झालं नाही.

गेल्या तेव्हा त्यांची डावी मूठ आम्हा बायकांना उघडता आली नाही. कुणाचा तरी हात धरावा, तशी वळलेली होती...

तशीच माती दिली.