टायरच्या बाहेरच्या कडेवर

तेजस्विनी बोराडे आणि साई घुमरे यांचं लग्न झालं. मंडपाच्या दारात सासऱ्यांनी आधी जावयाच्या गाडीला प्रदक्षिणा घातली, चारही टायरं वाकून पाहिली, आणि मगच जावयाला मिठी मारली.

हे चुकून आधी आलं. असं काही झालेलंच नाही. साई घुमरे नावाचा मुलगा अजून या गोष्टीत नाही, मंडपही नाही. आहे ती फक्त दिंडोरीच्या पुढची एक रविवार सकाळ, आणि टायरसमोर उकिडवी बसलेली तेजस्विनी.

जागा होती बहिरूअण्णांच्या ट्रॅकची. अण्णांनी द्राक्षबाग काढून तिथे गाड्या पळवायला डांबरी वाट केली होती. बाग काढताना जीव फार तुटला म्हणून वळणांना त्यांनी वाणांची नावं दिली. थॉमसन, सोनाका, शरद... आणि सगळ्यात आवळलेलं, भल्याभल्यांना सुकवून टाकणारं वळण, ते बेदाणा. रविवारी ‘ट्रॅक डे’. आपली रोजचीच गाडी आणायची, हेल्मेट घालायचं आणि रस्त्यावर जे करू नये ते इथे करायचं. झेंडा म्हणून अण्णांचं उपरणं. रुग्णवाहिका म्हणून द्राक्षाचा पिकअप, मागे कागदाची कात्रणं अंथरलेला. “यात निजवलं की माणूस डागी होत नाय,” अण्णा खात्रीने सांगायचे.

“तुमचं बाहेरचं चाललंय,” मागून आवाज आला.

“काय?” तेजस्विनी दचकली.

“टायर. आतून तरणं, बाहेरून म्हातारं.”

आवाजाचा मालक शेजारी येऊन बसला. उंच, कानाला ऊन लागून लाल झालेला, आणि चेहरा असा गंभीर की जणू टायरच्या दहाव्याला आलाय.

“हात लावू?”

“कशाला?”

“टायरला.” तो थांबला. “सध्या तरी.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मात्र टायरकडेच पाहत होता. टायर अजून तापलेलं होतं, रबराचा जळका वास येत होता. त्याने कडेवरून बोट फिरवलं. “वळणात गाडी कलते. मग टायर पाऊल मुडपल्यासारखं बाहेरच्या कडेवर उभं राहतं. तुम्ही बेदाणा फार जोरात घेता.”

“तुम्ही बघत होता?”

“सगळेच बघत होते. अण्णांनी तर पिकअप चालू करून ठेवला होता.”

त्याने खिशातून खडू काढला.

“खडू घेऊन फिरता?”

“आई शाळेत शिकवते. आमच्या घरात साखर संपते, खडू संपत नाही.” त्याने टायरच्या बाजूवर, अगदी कडेपाशी, काहीतरी लिहायला घेतलं. “दोन-तीन फेऱ्या मारून या. खडू जिथपर्यंत पुसला, तिथपर्यंत टायर लोळतंय.”

“पण ही रेघ नाहीये. हा मोबाइल नंबर आहे.”

“खडूला काय कळतंय?”

ती फेऱ्या मारून आली. दोघं परत टायरसमोर बसले. सगळ्या आकड्यांची डोकी उडाली होती, पाय तेवढे उरले होते. एक, सात आणि नऊ — तिन्ही सारखेच दिसत होते.

“गाडीला कॅम्बर हवा,” तो उठत म्हणाला. “म्हणजे चाकं वरून जराशी आत झुकवायची. मग वळणात टायर सपाट टेकतं.”

“आणि नंबर?”

“कॅम्बर दिला की राहील. तोवर... साई. साई घुमरे. निफाड.”

त्या आठवड्यात तेजस्विनीने उरलेल्या पायांवरून नंबर लावून पाहिले. एक लागला सटाण्याच्या खतवाल्याला. “कोन शे?” त्याने विचारलं. ती नाव सांगणार, तेवढ्यात तोच म्हणाला, “युरिया नही शे,” आणि फोन ठेवला. नकार इतका स्वच्छ मिळू शकतो हे तिला नव्यानेच कळलं.

पुढच्या रविवारी कॅम्बर बोल्ट बसले. साईने पुन्हा खडू चालवला. ती बेदाण्यातून अशी गेली की अण्णांनी उपरणं झटकायचं सोडून तोंडावर घेतलं. परत आली तेव्हा नंबर होता तसा होता, टाळूपासून टाचेपर्यंत.

“घ्या लिहून,” साई म्हणाला.

“नको,” ती म्हणाली. “आता गरज काय, समोर तर आहात.” आणि एवढं बोलून झाल्यावर हेल्मेट घातलं, कारण चेहऱ्याचं काय झालंय ते दाखवण्यासारखं नव्हतं.

इथवर सगळं गोड आहे. आता लाज सुरू होते.

गाडी पप्पांची होती. निवृत्ती बोराडे, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त. नाव आधीपासूनच तसं असल्यामुळे ते कामाला आहेत असं नोकरीभर कुणी गांभीर्याने मानलं नव्हतं. पण हात! छापलेल्या तावावरून बोट फिरवून ते शाईतली खोट सांगायचे. त्याच हातांनी आता ते रोज सकाळी इंदिरानगरच्या सोसायटीत गाडी पुसायचे, आणि भाजी आणायला, नाशिक रोडला जुन्या मित्रांकडे जायला स्वतः चालवायचे.

आणि तेजस्विनी घरी सांगायची, “गडावर जाऊन येते.”

वणीचा गड त्याच रस्त्याने. दिंडोरीपर्यंत तर ती खरंच भक्त असायची. पुढे गाडी वळायची. येताना दिंडोरीतून पेढे घ्यायची. पप्पा दारातच पेढा हातात घेत, दोन्ही डोळ्यांना लावत, मग तोंडात टाकत. त्या वेळी तेजस्विनीला चप्पल काढायला फार वेळ लागायचा. खाली बघायला तेवढंच कारण होतं.

सोसायटीत तिचं नाव झालं. शुभांगी, म्हणजे तिची आई, जिन्यात सांगायची, “एक रविवार चुकवत नाही हो पोरगी.” वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर परीक्षेच्या आधी आपल्या मुलाला तेजस्विनीच्या पाया पडायला आणलं. तो नापास झाला. लोकांनी त्यालाच नावं ठेवली.

कॅम्बरच्या पाठोपाठ साईने आणखी एक केलं होतं. पुढच्या चाकांची तोंडं किंचित बाहेर फाकवली, म्हणजे गाडी वळणात चटकन शिरते. अण्णांच्या शेडमध्ये गाडीच्या दोन्ही बाजूंना सुतळी ताणायची आणि चाकाचं अंतर मोजायचं. सुतळीच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. 

“सैल सोडू नकोस,” तो म्हणायचा.

“तूच ओढून घेतोयस.”

“मग ये ना इकडे...”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते सुतळीलाच माहीत.

“पण ऐक,” साईने तेव्हाच बजावलं होतं, “रस्त्यावर ही गाडी वेड्यासारखी करेल. जरा खड्डा आला, चाकोरी आली की इकडेतिकडे पळेल. संध्याकाळी निघण्याआधी परत सरळ करायची.”

सुरुवातीला करायचे. पण सरळ करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात उरलेल्या वेलींच्या सावलीत बसून एका कागदातली भेळ दोघांना संपवता येते. एका रविवारी भेळ जिंकली. पुढच्या रविवारीही.

“राहू दे ना,” तेजस्विनी म्हणाली. “आठवडाभर कोण पळवणारे? पप्पा तर भाजीला नेतात.”

हे वाक्य तिला नंतर फार दिवस ऐकू येत राहिलं.

पप्पा एका बुधवारी घरी आले आणि भाजीची पिशवी न देताच खुर्चीत बसले. संध्याकाळी हात पुढे धरून बोटं बघत होते. दुसऱ्या दिवशी एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरांनी काही झालेलं नाही असं सांगितलं, तर त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

“तेजू,” त्यांनी गाडीची किल्ली तिच्यापुढे ठेवली. “आता तूच चालव बेटा.”

“का पप्पा?”

“स्टेअरिंग धरता येत नाही मला. सरळ चाललो तरी गाडी भरकटते. काल द्वारका चौकात एका स्कूटरवाल्या बाईच्या अंगावर जात होतो... वाचली ती. म्हणाली, आजोबा, घरी बसा.” ते हसले. “बरोबर बोलली. हात गेले माझे.”

सांगायची हीच वेळ होती. तेजस्विनीने तोंड उघडलं. “पाणी देऊ?” असं त्यातून बाहेर पडलं.

लाज पुरेशी झाली असं वाटत असतानाच शुभांगीने ओटीचं सामान तिच्या हातात दिलं. “रविवारी जातेसच तर देवीला सांग. यांचे हात बरे झाले की चांदीचे हात वाहीन म्हणावं. तुझं ऐकते ती.”

रविवारी तेजस्विनी ओटी मांडीवर घेऊन शेडमध्ये बसली होती. नारळ होता, खण होता. तिने सगळं सांगितलं. साईचा चेहरा नेहमीसारखाच गंभीर होता, पण कान उन्हाशिवाय लाल झाले.

“सरळ करून टाकू,” तो शेवटी म्हणाला. “आत्ता. किल्ली परत दे त्यांना. कळणारही नाही.”

“आणि ते समजतील देवीने हात दिले.”

“वाईट आहे का?”

“मग आयुष्यभर त्या हातांकडे ते संशयाने बघतील, साई. गेले होते आणि परत आले म्हणून. गेलेच नव्हते ते!” तिचा आवाज फाटला. “मी बिघडवलंय ते गाडीचं. त्यांचं काही बिघडलं नव्हतं.”

साईने सुतळी गुंडाळली, जॅक उचलला, पाने उचलले.

“कुठे?”

“इंदिरानगर. बिघडवताना सुतळीचं एक टोक माझ्या हातात होतं.”

“पप्पा मारतील तुला.”

“मारू देत. त्यांना हातांची खात्री तरी पटेल.”

सोसायटीच्या पार्किंगमध्ये निवृत्ती बोराडे बनियनवर खाली आले, कारण मुलीने खालूनच हाक मारली होती. समोर गाडी, गाडीशेजारी अनोळखी मुलगा, मुलाच्या हातात सुतळी. गॅलऱ्या भरू लागल्या.

“पप्पा, तुमचे हात चांगले आहेत,” तेजस्विनी म्हणाली. “मी... गडावर जात नाही. दिंडोरीला गाडी पळवायला जाते. त्यासाठी पुढची चाकं फाकवलीत आम्ही. म्हणून भरकटते ती. मला माहीत होतं. तुम्ही किल्ली दिली तेव्हाही माहीत होतं.”

वरच्या मजल्यावर नापास मुलाच्या आईचा आवाज आला, “अगं बाई!”

पप्पा वाकले. पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, जसं तावावरून फिरवायचे तसं. आतली कड खरवडल्यासारखी झिजली होती. बोट तिथेच थांबलं.

“म्हणजे हात ठीक आहेत?”

“हो पप्पा.”

“दोन्ही?”

तिच्याआधी साई म्हणाला, “दोन्ही, काका.”

“तू कोण?”

“साई घुमरे. निफाड. सुतळी माझी आहे.”

पप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागावले असते तर बरं, असं तेजस्विनीला वाटलं. ते नुसते म्हणाले, “करा सरळ.”

साईने सुतळी ताणली. दुसरं टोक धरायला तेजस्विनी पुढे झाली, तर ते पप्पांनी आधीच धरलं होतं. “सैल सोडू नका, काका,” साई सवयीने म्हणाला आणि जीभ चावली. चाकं सरळ झाली. मग पप्पा बनियनवरच गाडीत बसले, शेजारी तेजस्विनी, मागे जॅक मांडीवर घेतलेला साई. पाथर्डी फाट्याकडच्या सरळ रस्त्यावर त्यांनी स्टेअरिंगवरचे हात अलगद, जरासे उचलले. गाडी रेषेत चालली. हात हवेत तसेच राहिले. थरथरत नव्हते. डोळ्यांचं तसं सांगता येणार नाही.

मग त्यांनी विचारलं, “पेढे?”

“दिंडोरीचे,” तेजस्विनी पुटपुटली.

“तरीच. मला वाटायचं देवीने हलवाई बदलला.”

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. पप्पांनी गाडी वळवली. इंदिरानगरकडे नाही, दिंडोरी रस्त्याला.

“कुठे चाललोय, पप्पा?”

“जिथे तू दर रविवारी जातेस तिथे. ओटी आहे ना गाडीत?”

गडावर चढणारा नांदुरीचा घाट त्यांनी इतक्या सावकाश चढला की मागे बसगाड्यांची वरात लागली. एका वळणावर साई पुढे झुकला, अगदी तिच्या कानाशी. “तेजू... मी टायर बघायला नव्हतो आलो त्या दिवशी.”

“माहीत आहे.”

“म्हणजे टायरही वाईट होतं, पण...”

“आवाज येतोय मला,” पप्पा म्हणाले. “कानही ठीक आहेत माझे.”

साई मागे सरकला. पण आधी त्याने सीटच्या कडेने हात पुढे केला, आणि तेजस्विनीने तो धरला. वर पोचेपर्यंत सोडला नाही.

रांगेत पप्पांनी शेजारच्या प्रसादवाल्याकडे पेढ्याच्या रिकाम्या खोक्याचं झाकण मागितलं, साईकडचा खडू मागितला. “मी सांगतो, तू लिही,” ते मुलीला म्हणाले. तिने लिहिलं:

प्रति, मा. सप्तशृंगी माता, मु. गड.
विषय : मागील रविवारांच्या गैरहजेरीस पूर्वलक्षी प्रभावाने हजेरी समजणेबाबत.
महोदया, अर्जदार कु. तेजस्विनी निवृत्ती बोराडे ही उपरोक्त रविवारी आपल्या दरबारी उपस्थित नव्हती, तथापि दिंडोरीपर्यंत आली होती. तरी सदर कालावधीत घरी नेलेले सर्व पेढे आपलाच प्रसाद असल्याचे मान्य करण्यात यावे. अर्जदाराच्या वडिलांनी ते डोळ्यांना लावलेले असल्याने ते आता बदलून देणे शक्य नाही, याची नोंद घ्यावी, ही विनंती.