दोन्ही हातांनी धरलेला पेला

रविवारी सकाळी साडेआठला, सूपचा वाडगा ओठांपाशी नेलेला असतानाच कुराता तात्सुझो थबकले आणि टीव्हीकडे बघत शांतपणे म्हणाले, "हे मी काढलेलं नाही."

त्यांची लेक मिचिरु भात वाढता वाढता थांबली... पडद्यावर तिच्या बाबांच्याच नावावरचं दृश्य चाललं होतं. अंतराळातलं युद्ध जिंकून आलेले आजोबा घरी बसून चहा पितात, एवढाच साडेचार सेकंदांचा तुकडा. चाळीस वर्षं बाबा कार्टूनपटांसाठी असे तुकडे काढत आले होते, आणि लेकीला त्यांची एकच ताकीद होती, या धंद्यात पडायचं नाही. तिच्या आईच्या अंत्यविधीलाही ते चित्रं पोचती करून मगच आले होते. तेसुद्धा चुकून शेजारच्या दालनात, एका परक्या गृहस्थाच्या शवपेटीपाशी अर्धा तास हुंदके देत बसले, कारण तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या गृहस्थाच्या घरून अजूनही दर नववर्षाला आभाराचं कार्ड येतं.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. ते कबूल करीनात. स्टुडिओला कळलं तर काम थांबेल, आणि काम थांबलं तर हा माणूस किती दिवस जगेल, या भयाने ती रोज पहाटे उठे, त्यांनी पाकिटात भरून ठेवलेली चित्रं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिलीने स्वच्छ रेषेत पुन्हा काढी, आणि त्यांची थरथरती पानं तांदळाच्या डब्यामागे जपून ठेवी. चौदा महिने! त्यापायी ठरलेलं लग्नही मोडलं. बोटं कायम काळी का, याचं उत्तर तिला देता येईना, तेव्हा होणाऱ्या सासूने ही मुलगी चोरून कोळशाच्या वखारीत जाते असा निष्कर्ष काढला. त्या अख्ख्या भागात कोळशाची वखार नव्हती.

"बाबा, मी..."

तेवढ्यात घंटा वाजली. नवं पाकीट न्यायला हियामा आला होता. स्टुडिओतून चित्रांची ने-आण करणारा हा तरुण तिथल्याच टेबलाखाली झोपे, त्यामुळे एका बाजूने जरा चपटा दिसे. बाबांनी त्याला दारातच सुनावलं, की माझ्या नावावर दुसरंच कुणी काम करतंय, हा प्रेक्षकांचा विश्वासघात आहे. हियामाने बूट काढले आणि जमिनीला कपाळ टेकलं.

"सर, आम्हाला ठाऊक आहे," तो फरशीशी बोलला. "पानांना भाताची शितं चिकटलेली असतात. तुम्ही तर काम करताना जेवतच नाही."

"मग स्टुडिओत सगळ्यांची चित्रं तपासून दुरुस्त करणाऱ्या बाई गप्प कशा बसल्या?"

"त्या इस्पितळात आहेत, सर. त्यांचं काम त्यांचे यजमान करतात. दातांचे डॉक्टर आहेत ते."



"तरीच," बाबा पुटपुटले, "हल्ली राक्षसांचेसुद्धा दात इतके सुरेख."

 मिचिरु हियामाशेजारीच गुडघ्यांवर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. शेवटी तिने विचारलं, की रेष तर तिने हुबेहूब त्यांचीच गिरवली होती, मग कळलं कसं?

"रेष माझीच आहे. पण तो म्हातारा पेला उचलताना डावा हात उजव्या मनगटाखाली घालतो. मी असं कधीच काढलं नसतं, पोरी. हल्ली मी तसाच उचलतो, हे तर मी तुझ्यापासून लपवत होतो."

तिला धक्काच बसला... तसं काढल्याचं तिला भानही नव्हतं! ज्या हाताची लाज राखायला तिने संसाराचं स्वप्न जाळलं, तोच हात तिने साऱ्या देशाला दाखवला होता! ती ओंजळीत तोंड लपवून रडू लागली.

बाबांनी पाकीट ओढून घेतलं. चित्रकाराच्या चौकटीतलं आपलं नाव खोडलं, आणि तिच्यासमोर पहिल्यांदाच, न लाजता, मनगटाखाली डावा हात घालून तिचं नाव लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली. लिहायला बराच वेळ लागला.

"यापुढे तुझं काम तुझ्या नावावर. आणि जेवण झाल्याशिवाय टेबलाशी बसायचं नाही."

त्यांनी पाकीट हियामापुढे धरलं. तो हलला नाही. कपाळ फरशीला टेकलेल्या अवस्थेतच त्याला गाढ झोप लागली होती. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी खुंटीवरचा स्वतःचा कोट काढून त्याच्या पाठीवर घातला.

"स्टुडिओला फोन कर," ते हळूच म्हणाले. "म्हणावं, आजचं काम उद्या येईल."

चाळीस वर्षांत बाबांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.