पाळण्याजवळची निळी बाई

हसा, हसा लेकांनो. रातच्याला लघवीला जायला सोबत मागाल, तवा बगतो एकेकाला.

तर जेऊरचा अजिनाथ. फरशीचा मिस्त्री, माझ्या चांगल्या वळखीचा. थापा मारनारा गडी न्हवं. गेल्या साली गड्ड्याची जत्रा, शोभेच्या दारूकामाची रात. अख्खी शुक्रवार पेठ दारू उडताना बगायला गेलेली. अजिनाथ मातुर मल्लिकार्जुन मालकाच्या जुन्या घरात एकटाच. भिंतीवरच्या विलायती फरशा न फोडता काढायच्या हुत्या. चिनी मातीच्या, पांढऱ्यावर निळी चित्रं. मालक म्हनला हुता, "व्हिक्टोरिया रानीच्या काळातल्या हायत. सायबांच्या नाटकांतले परसंग. जपून काढ." कुटं राजा, कुटं विदूषक, आन एकीवर घोळदार झग्यातली बाई, रिकाम्या पाळण्याजवळ हुबी.

त्या फरशीला छिन्नी लावली तेवढ्यात आईचा फोन आला. "आरं, सोनालीला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात आनलंय. लवकर ये बाबा!"

बायको पहिलटकरीन. हत्यारं तितंच टाकली, दाराशी गेला, आन सवयीनं मागं बगून म्हनला, "येतो."

घरात कुनी न्हाय. तरी आपन म्हनतोच की. जातो कोन म्हनतंय?

भिंतीतनं आवाज आला. बाईचा, गोऱ्या मडमेवानी. "येटो?"

दार धाडकन लागलं.

त्यानं दार वढून उघडलं. भाईर गल्ली न्हवती... तीच खोली. तीच भिंत. मागचं दार उघडलं. तीच खोली. खिडकी... तीच. लांब गड्ड्यावर दारू उडतीया, लोकं वरडत्यात, समदं ऐकू येतंय. आन ह्याला रस्ता न्हाय. फोन वाजला. आईचाच. उचलला तर कानात ती.

"येटो... येटो..."

रडला रं गडी. "बाई, सोड मला. माझी बायको तितं अडलीया..."

मग ध्यानात आलं. आपनच तिला येतो म्हनून बसलोय. शबुद माघारी घ्यायचा तर जातो म्हनावं लागंल. आन बायको कळा देतीया, अशा वक्ताला जातो? जीभ रेटंना.

फोन पुन्ना वाजला.

"जातो!" त्यो वरडला. "मी जातो!"

...

दार आपसूक उघडलं. म्होरं गल्ली हुती.

पळत दवाखाना गाठला. सोनाली बरी, पोरगी झालेली. अजिनाथ ढसाढसा रडला. तर सोनाली थकल्या आवाजात म्हनती, "अवो, ती निळ्या झग्याची बाई कोन? आत्ता हुती की हितं. बाळाकडं लई वेळ बगत हुती. निगताना 'येटे' म्हनली."

अजिनाथनं दुपटं बाजूला केलं. पोरीच्या गालावर कुनीतरी तीट लावलेली.

निळी.

वरीस झालं आता. लई घासली. जात न्हाय.